डेल्को, सेल्फ आणि रबराची एक रिंग

कानात इअरफोन असतील तर ऐका, लोकलच्या दारात उभं राहून स्क्रोल करत असाल तर वाचा. नेहमीप्रमाणे हा भाग लेखी स्वरूपातही देते आहे. आजची गोष्ट एका शब्दापासून सुरू होते. शब्द आहे ‘डेल्को’.

जुन्या गाड्यांचं काम करणाऱ्या गॅरेजमध्ये अर्धा तास उभे राहा, हा शब्द कानावर पडतोच. ‘डेल्को खोल रे’, ‘डेल्कोची टोपी चिरलीय’, ‘डेल्कोत तेल आलंय’. कंपनीच्या पुस्तकात या वस्तूचं नाव डिस्ट्रिब्युटर आहे, पण मिस्त्रींच्या तोंडी डेल्को. बोनेट उघडलं की एक काळी किंवा चॉकलेटी टोपी दिसते, तिच्यातून जाड वायरी प्लगकडे निघालेल्या असतात. तीच ही वस्तू. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती पाहिलीच नसेल, कारण आजच्या गाड्यांमध्ये ती नसते.

डेल्को हे एका कंपनीचं नाव आहे. डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी, या चार शब्दांच्या आद्याक्षरांवरून ते बनलं. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डेटन नावाचं शहर आहे. तिथल्या एका धान्याच्या कोठारात शंभरहून अधिक वर्षांपूर्वी काही माणसं नोकरी सांभाळून रात्री खटपट करत बसायची. त्यांच्यात होता चार्ल्स केटरिंग.

कोठारातली टोळी

केटरिंगचा जन्म १८७६ चा. तो नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होता. दुकानाच्या गल्ल्यावरचं ते टिंग करून उघडणारं यंत्र तेव्हा हाताने दांडी ओढून चालायचं. केटरिंगने त्याला विजेची छोटी मोटर बसवली. गंमत अशी की गल्ला उघडायला मोटर दिवसभर फिरावी लागत नाही, क्षणभर जोर लावला की झालं. क्षणभरासाठी लहान मोटरकडून मोठं काम करून घेता येतं, हे त्याला तिथे उमगलं. ते पुढे फार कामी आलं.

१९०९ मध्ये त्याने एडवर्ड डीड्स या सहकाऱ्याबरोबर डेल्को कंपनी काढली. पहिलं मोठं काम मिळालं कॅडिलॅककडून, गाडीच्या इग्निशनचं.

इथे थोडं थांबून इंजिनात काय घडतं ते पाहू. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं आणि अगदी नेमक्या क्षणी तिथे ठिणगी पडावी लागते. ठिणगी आधी पडली तर इंजिन उलटा धक्का खातं, उशिरा पडली तर गाडीत दम राहत नाही. ठिणगीसाठी हजारो व्होल्टचा दाब लागतो आणि बॅटरी देते जेमतेम सहा किंवा बारा व्होल्ट. त्या काळी अनेक गाड्यांत मॅग्नेटो असायचा. १९०२ मध्ये जर्मनीत रॉबर्ट बॉशच्या कंपनीतल्या गॉटलोब होनोल्ड या इंजिनिअरने उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला होता. तो स्वतःच वीज बनवायचा, बॅटरीची गरजच नाही. पण इंजिन हँडल मारून हळू फिरवताना त्याची ठिणगी अशक्त पडायची.

केटरिंगने बॅटरीचा मार्ग धरला. बॅटरीचा करंट एका कॉइलमधून जातो. पॉइंट उघडले की करंट तुटतो, कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र एकदम कोसळतं आणि दुसऱ्या, बारीक तारेच्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट तयार होतात. आता हा झटका कुठल्या सिलिंडरला द्यायचा? त्यासाठी डिस्ट्रिब्युटर. टोपीच्या आत रोटर गोल फिरतो आणि ज्याची पाळी असेल त्याच्या वायरीला झटका देतो. पंगतीतला वाढपी डोळ्यांसमोर आणा. पानं मांडलेली आहेत, तो फेरी मारतोय आणि क्रम न चुकवता प्रत्येक पानावर एक एक जिलबी टाकतोय. फक्त त्याचा वेग भयानक आहे. तीन सिलिंडरची मारुती ८०० मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी चालत असेल, तर हा वाढपी सेकंदाला ७५ जिलब्या वाढतो.

इग्निशननंतर केटरिंग स्टार्टरकडे वळला. तोवर गाडी सुरू करायची म्हणजे समोर उभं राहून हँडल मारायचं. हँडल उलटं फिरलं की मनगट मोडायचं. कॅडिलॅकचा प्रमुख हेन्री लेलँड याचा एक मित्र अशाच अपघातानंतर दगावला आणि म्हणून लेलँडने या प्रश्नाचा ध्यास घेतला, अशी कथा सांगितली जाते. केटरिंगने गल्ल्याच्या मोटरची युक्ती इथे वापरली. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये विजेचा सेल्फ-स्टार्टर, विजेचे दिवे आणि बॅटरीची इग्निशन हे सगळं एकत्र आलं. आपण आजही म्हणतो, ‘सेल्फ मार’. म्हणजे आपल्या बोलीत केटरिंगच्या दोन खुणा आहेत, डेल्को आणि सेल्फ. त्याचं नाव मात्र कुणाला ठाऊक नसतं.

शिवडीपासून गुडगावपर्यंत

हा शब्द इतक्या लांब आपल्याकडे रुजला, त्यामागे मुंबईचाही एक धागा आहे. डेल्को पुढे जनरल मोटर्सच्या पोटात गेली आणि डेल्को-रेमी या नावाने त्यांच्या गाड्यांची इग्निशन बनू लागली. याच जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना सुरू केला. सुट्या भागांच्या पेट्या बोटीने यायच्या आणि शिवडीतून शेवरोले गाड्या बाहेर पडायच्या. देशातला हा अशा प्रकारचा पहिला कारखाना. तो १९५४ पर्यंत चालला.

दरम्यान वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि कुर्ल्यात गाड्या बनू लागल्या. त्यांचीच फियाट पुढे प्रीमियर पद्मिनी झाली आणि काळी-पिवळी बनून मुंबईभर फिरली. १९६१ मध्ये मद्रासच्या पाडीत लुकास-टीव्हीएस सुरू झाली आणि स्टार्टर, डायनॅमो, डिस्ट्रिब्युटर इथेच तयार व्हायला लागले. मग १४ डिसेंबर १९८३ ला गुडगावात पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाच्या हाती पडली. कंपन्या बदलल्या, गाड्या बदलल्या, पण मिस्त्रींनी सगळ्यांच्याच डिस्ट्रिब्युटरला एकच नाव ठेवलं. डेल्को.

मामाची गाडी

हे सगळं मी का शोधत बसले, ते सांगते. माझ्या मामाकडे १९९८ ची मारुती ८०० आहे. तो कराडजवळच्या एका गावात राहतो. हौस म्हणून सांभाळलेली ही गाडी नाही. मामीला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. एसटीच्या वेळा जुळत नाहीत आणि उपचारानंतर मामीला उभं राहवत नाही. त्यामुळे गाडी सुरू होणं ही त्या घरातली फार मोठी गोष्ट आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर गाडीखाली तेलाचे डाग पडू लागले. चढावर जळक्या तेलाचा वास यायचा, मग गाडी मिसिंग करू लागली. एका गॅरेजवाल्याने सांगितलं की इंजिन खोलावं लागेल, आणि खर्चाचा आकडा गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर नेला. दुसरा म्हणाला, भंगारात द्या, किती दिवस ओढणार? एप्रिल २०२२ मध्ये पंधरा वर्षांवरच्या कारच्या पासिंगचं नूतनीकरण ६०० रुपयांवरून ५,००० वर गेलं होतं, वर पर्यावरण कर होताच. मामाचं मन डळमळलं होतं. मला फोनवर म्हणाला, “अगं, गाडी विकून टाकतो. पण मग हिला न्यायचं कसं?”

शेवटी एका वयस्कर मिस्त्रींनी गाडी पाहिली. मी त्या दिवशी तिथेच होते. त्यांनी पान्ह्याला हातसुद्धा लावला नाही. आधी रॉकेलच्या फडक्याने इंजिनाचा तो कोपरा लख्ख पुसला, वाळू दिला. मग खिशातून चक्क टाल्कम पावडरचा डबा काढला आणि सगळीकडे भुरभुरवली. “ताई, आता एक चक्कर मारून या.”

आम्ही दहा किलोमीटर फिरून आलो. पांढऱ्या पावडरीवर तेलाची एक ओली रेघ उमटली होती. वरचं टॅपेट कव्हर कोरडं होतं. रेघ सुरू होत होती ती थेट डेल्को जिथे इंजिनात बसतो त्या सांध्यापासून. मिस्त्री म्हणाले, “इंजिनाला काही झालेलं नाही. रिंग गेलीय.”

ती रिंग चहा-वडापावच्या पैशांत आली.

रिंगेचा बाप

आता या रिंगेची गोष्ट. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट इंजिनाच्या कॅमशाफ्टवर फिरतो, म्हणजे त्याचं खालचं टोक तेलात आणि वरचं डोकं विजेत. तेल आणि वीज यांच्या मधे उभी असते बोटात घालायच्या अंगठीएवढी जाडजूड रबरी गोल रिंग. इंग्रजी ‘ओ’ अक्षरासारखी, म्हणून ओ-रिंग.

यंत्रातलं तेल, पाणी, वाफ आत कोंडून ठेवणं हा फार जुना प्रश्न. चामडं, बूच, नमदा, ताग, दोरा, लोकांनी सगळं वापरून पाहिलं. सायकलच्या पंपातला चामड्याचा वायसर आजोबांना विचारा. रबर यायला हवं होतं, पण साधं रबर उन्हात चिकट आणि थंडीत ठिसूळ व्हायचं. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता वापरून रबर पक्कं करण्याची रीत शोधली. तरी एक अडचण उरलीच. झाडापासून मिळणारं रबर इंजिनच्या तेलात फुगतं आणि मऊ पडतं. १९३० च्या दशकात तेलाला दाद न देणारी कृत्रिम रबरं आली, अमेरिकेत निओप्रीन आणि जर्मनीत नायट्राइल. आज बहुतेक ओ-रिंगा या नायट्राइलच्याच असतात.

याच दशकात नील्स क्रिस्टेन्सन नावाचा एक म्हातारा अमेरिकेत प्रयोग करत होता. जन्म १८६५, डेन्मार्कचा. १८९१ मध्ये अमेरिकेत आला आणि ट्रामच्या एअर ब्रेकवर काम करून नाव कमावलं. म्हातारपणी त्याला ध्यास लागला की पुढे-मागे सरकणाऱ्या दट्ट्याभोवती गळती कशी थांबवायची. त्याचं उत्तर इतकं साधं होतं की हसू यावं. दट्ट्यावर एक खाच पाडायची, रिंगेच्या जाडीपेक्षा थोडी रुंद, आणि त्यात रबराची गोल रिंग बसवायची. रिंग जरा दाबलेली राहते. आतून दाब आला की ती खाचेच्या एका भिंतीकडे ढकलली जाते आणि फट आणखी घट्ट बुजते. म्हणजे गळती करू पाहणारा दाबच गळती थांबवतो.

१९३७ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला तेव्हा तो ७२ वर्षांचा होता. १९३९ मध्ये पेटंट मिळालं. लष्करी विमानांवर चाचण्या झाल्या, रिंग उत्तम ठरली. मग अमेरिका महायुद्धात उतरली आणि युद्धाला लागणाऱ्या महत्त्वाच्या शोधांचे हक्क सरकारने ताब्यात घेतले. ओ-रिंग सगळ्या कारखान्यांना खुली झाली. क्रिस्टेन्सनला एकरकमी ७५,००० डॉलर मिळाले. तो १९५२ मध्ये गेला. त्याच्या वारसांना आणखी १,००,००० डॉलर मिळाले ते थेट १९७१ मध्ये. तोवर जगातल्या नळांत, पंपांत, विमानांत आणि गाड्यांत त्याच्या रिंगा अब्जांनी बसल्या असतील.

रबर हट्टी का होतं?

ओ-रिंगची सगळी ताकद एका गुणात आहे. दाबलं की दबायचं, सोडलं की परत उसळायचं. उसळणं संपलं की रिंग संपली.

२८ जानेवारी १९८६ ची सकाळ. फ्लोरिडात कडाक्याची थंडी होती. चॅलेंजर हे अंतराळयान उडालं आणि ७३ सेकंदांनी आकाशातच फुटलं. सातही अंतराळवीर गेले. बूस्टर रॉकेटच्या सांध्यातली ओ-रिंग थंडीने कडक झाली होती, तिला वेळेवर उसळून फट बुजवता आली नाही. रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरांनी आदल्या रात्री हा धोका सांगितला होता, पण वरच्यांनी ऐकलं नाही. पुढे चौकशीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी टीव्ही कॅमेऱ्यांसमोर त्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्याच्या ग्लासात बुडवला आणि चिमटा सोडल्यावर रबर लगेच उसळत नाही, हे दाखवून दिलं.

मामाच्या गाडीत थंडीचा नाही, उष्णतेचा प्रश्न होता. इंजिन रोज तापतं, निवतं, पुन्हा तापतं. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबर कडक होतं. दाबलेली रिंग त्याच आकारात गोठते. मिस्त्रींनी काढलेली जुनी रिंग मी हातात घेतली. नवी रिंग चिमटीत गोल लागत होती, जुनी एका बाजूने सपाट झालेली आणि बांगडीसारखी टणक. वाकवली तर कट्टकन तुटली.

काम कसं केलं

ज्यांच्या घरी अजून अशी गाडी आहे, त्यांच्यासाठी सविस्तर सांगते. इंजिन पूर्ण थंड हवं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. आधी वरच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग तपासायचं, कारण तिथलं तेल ओघळून डेल्कोवर येतं आणि बिचाऱ्या डेल्कोवर आळ येतो.

मग टोपी काढायची, वायरी टोपीतच ठेवून, म्हणजे क्रम बदलत नाही. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. रोटर कुठल्या दिशेला बघतोय त्याची खूण करायची. डेल्कोचं अंग आणि इंजिन यांच्या सांध्यावर आरपार एक रेघ मारायची. ही रेघ म्हणजे तुमचं टाइमिंग, ती पुसली तर काम वाढलं. व्हॅक्यूमचा पाइप आणि वायर सोडवायची, बोल्ट काढायचा आणि डेल्को सरळ बाहेर ओढायचा. गिअरचे दाते तिरके असल्याने बाहेर येताना रोटर थोडा फिरतो. किती फिरला तेही बघून खूण करायची. डेल्को बाहेर असताना कुणीही सेल्फ मारायचा नाही!

जुनी रिंग लाकडी काडीने काढायची. स्क्रूड्रायव्हरने खाचेला ओरखडा पडला तर नवी रिंगही गळेल. खाच स्वच्छ पुसायची, नव्या रिंगेला इंजिन ऑइलचं बोट फिरवायचं आणि पीळ न पडता बसवायची. रिंग मापाची आणि तेलाला टिकणारी हवी. नळाच्या दुकानातली कुठलीतरी चालत नाही. आणि रिंगेऐवजी सिलिकॉन थापणं हा उपाय नाही, सुटलेले कण तेलाच्या वाटा बुजवतात.

आता टोपीच्या आत बघा. आतही तेल असेल तर बाहेरच्या रिंगेने भागणार नाही. शाफ्टभोवतीचं ऑइल सील गेलंय किंवा शाफ्टच ढिला झालाय. मामाच्या गाडीत आत फक्त ओलसर काजळी होती. मिस्त्रींनी ती पुसली, टोपी बारकाईने उजेडात धरून तडा शोधला, पॉइंट घासून गॅप लावला. मग खुणा जुळवून डेल्को बसवला, इंजिन सुरू केलं आणि टाइमिंग लाइट लावून खात्री केली.

शेवटी त्यांनी एक गोष्ट केली जी आधीच्या दोघांनी केली नव्हती. इंजिनचा ब्रीदर पाइप काढून फुंकला. तो चिकट मळीने बुजत आला होता. इंजिनात साठणाऱ्या वायूला वाट मिळाली नाही की तो तेलाला मिळेल त्या सांध्यातून बाहेर ढकलतो. “हे नसतं केलं, तर नवीन रिंगपण लवकर गेली असती,” ते म्हणाले.

हे शिकणार कोण?

मला या सगळ्यात रिंगेपेक्षा पावडरचा डबा जास्त महत्त्वाचा वाटतो. केटरिंगचा शोध आणि क्रिस्टेन्सनची रिंग कराडच्या त्या गाडीत एकत्र आली, पण दोन्ही पुन्हा कामाला लागली ती तिसऱ्याच माणसाच्या निदानामुळे. गळती कुठून होतेय हे बघायला पावडर भुरभुरवायची, हे त्यांना त्यांच्या उस्तादाने शिकवलं होतं.

२००० च्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले, एमपीएफआय गाड्या आल्या. हळूहळू ठिणगीची वेळ कॉम्प्युटर ठरवू लागला आणि डेल्को गेला. ते चांगलंच झालं, हवा स्वच्छ झाली आणि पॉइंट घासत बसायची कटकट संपली. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतून शेवटच्या पद्मिनी टॅक्सीही गेल्या. जुनी प्रत्येक गाडी वाचवलीच पाहिजे, असं माझं म्हणणं नाही. धूर ओकणारी गाडी खुशाल भंगारात जावी. पण मारुती ८०० एकूण २५ लाखांहून अधिक बनल्या, त्यातल्या कितीतरी अजून कुणाला दवाखान्यात, कुणाला बाजारात नेतात. त्यांतली एखादी केवळ सपाट झालेल्या एका रिंगेपायी तोडली जाऊ नये, एवढंच.

आणि त्या मिस्त्रींकडे आता शिकायला कुणी पोरगा येत नाही. त्यांचा स्वतःचा मुलगा पुण्यात एका कंपनीत आहे. म्हणून मी त्यांच्याकडून जे ऐकलं ते इथे लिहून ठेवलं.

तुमच्या गावातल्या, गल्लीतल्या जुन्या मिस्त्रींची अशी एखादी युक्ती तुम्हाला माहीत असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. कुठली गाडी, काय बिघाड, कसा शोधला, एवढं सांगा. पुरेशा जमल्या की त्यांचाच एक भाग करू. तोवर बोनेट उघडून एकदा बघा तरी. भेटूया पुढच्या भागात!